मसलतीच्या पंगतीतली शिपाईभाकरी

बसा मंडळी, बसा. मागचे पुढे सरका, पुढचे जागे राहा. आज सिद्धनाथाच्या उत्सवाचा शेवटचा दिवस. मागं चुलाण्यावर महाप्रसादाची आमटी उकळतेय. तिचा वास मला इथपर्यंत येतोय, म्हणजे तुम्हालाही येतोय. आज माझी गाठ आमटीशी आहे, हे मला ठाऊक आहे! पण दहा वर्षं या गावात कीर्तनाला येतोय, आमटीला मी अजून हरलेलो नाही. एकदाच हरलो. त्या दिवशी तिच्यात शेवग्याच्या शेंगा होत्या.

तर मंडळी, ऐका. आख्यानाआधी एक प्रश्न. आपला एक मित्र आहे. लांबचा. मधे दोन नद्या, एक घाट. त्याचं तिसऱ्याच कुणाशी जुंपलं — लढाई! त्या मित्राचा सांगावा आला, "माणसं पाठवा." पाठवायची की नाही? सांगा. लाजू नका. पाठवायची म्हणणाऱ्यांनी हात वर करा!

अरे वा! निम्मा मंडप वर! भागवततात्या, तुम्ही दोन्ही हात वर केलेत. एक खाली घ्या, तुमच्या वाटणीची दोनदा माणसं जायची. आणि सरूकाकू, तुमचा हात वर आहे तो पदर सारखा करायला की लढाईला? लढाईला! शाबास. पेटीवाले दिगूअण्णा, तुम्ही जरा बघून ठेवा हो कुणाकुणाचे हात वर आहेत ते. मला नंतर लागणार आहेत.

आता हात खाली. गोष्ट ऐका.

एक होतं सोनतळे संस्थान. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही. छोटंसं. एक गढी, एक तळं, एक देऊळ आणि दोनशे चाळीस शिपाई. राजा होता यशवर्धनराजे. वय वर्षं बत्तीस, मिशी वर्षं चौदा. मिशी झकास! राजा मनानं वाईट नव्हता बरं का. पण त्यानं लढाई पाहिलेली नव्हती. लढाई त्यानं पोवाड्यात ऐकली होती, आणि पोवाड्यात काय असतं? शत्रू पळतो, डफ वाजतो, मग जेवण!

अशा राजाकडे एक दिवस देवपाटच्या राजाचा वकील आला, नरहरपंत. मुजरा केला आणि म्हणाला, "महाराज, आमच्यावर युद्धाचा प्रसंग आहे. काळमोरीच्या राजानं आमचा घोर अपमान केला. आपण स्नेही. आपली फौज पाठवावी."

झालं! राजानं मिशीला हात घातला. आता मंडळी, राज्यकर्ते अशा वेळी विचार कसा करतात, ते बघा. तुम्हाला वाटेल, पहिला प्रश्न विचारतील — भांडण कशाचं? छे! इतका साधा प्रश्न मोठी माणसं विचारत नाहीत. लोक म्हणतील, यांना एवढंही ठाऊक नाही!

प्रधान त्रिंबकपंत म्हणाले, "सरकार, गेलो तर मित्र खूश होईल. न गेलो तर रुसेल. म्हणून माझं मत — फौज पाठवावी, पण सावकाश चालवावी. पोचेपर्यंत लढाई संपली तर दोन्ही साधलं." केवढी बुद्धी! माणूस फुकट प्रधान झाला नव्हता!

राजज्योतिषी म्हणाले, "मंगळ बलवान आहे. परवाच्या दिवशी ऊन देवळाच्या कळसावरून ढळायच्या आत हुकूम निघाला तर विजय नक्की. त्यानंतर सहा महिने मुहूर्त नाही."

सेनापती शिदोजीराव — वय सत्तर — काहीच बोलले नाहीत. तीस वर्षांत त्यांनी फक्त दसऱ्याची मिरवणूक काढली होती. त्यांचा घोडा एवढा सुटला होता की त्याला नदीपलीकडचं जग आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली. ती हो म्हणून की म्हातारपणानं, कुणी विचारलं नाही. हो धरली.

आणि राजाचं स्वतःचं कारण? ऐका. दरबारी शाहिराला सकाळीच बातमी कळली होती, त्यानं विजयाचा पोवाडा रचूनही टाकला. राजानं ऐकला. इतका उत्तम जमला होता, म्हणाला, "आता हा वाया घालवायचा म्हणजे जिवावर येतं!"

हसताय? हसा. पण अशी कारणं आजही चालतात. फक्त आज पोवाड्याऐवजी टीव्हीवर चर्चा असते, आणि तिच्यात सहा जण एकदम बोलतात. पोवाडा बरा, निदान तालात असतो.

आता या संस्थानात एक रिवाज होता. तो नीट ऐका, सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. लढाईचा निर्णय दरबारात व्हायचा नाही, पंगतीत व्हायचा. तिला म्हणायचे मसलतीची पंगत. राजा आणि मसलतगार पाटावर बसायचे, पानाभोवती पाणी फिरवायचं, एकेकानं होय की नाही सांगायचं आणि मग जेवायचं. मूळ पुरुषाचा नियम असा, की आधी पानात पडेल ती शिपाईभाकरी. ती प्रत्येकानं संपवायची. पानात टाकायचं नाही, संपेपर्यंत पाटावरून उठायचं नाही. सगळ्यांची पानं रिकामी झाली, हात धुतले, की मगच हुकुमावर शिक्का.

हा नियम कशासाठी होता? हे मात्र सगळे विसरले होते. मूळ पुरुषानं पानात खरोखरची शिपायाची भाकरी वाढायला लावली होती — वाळकी, खडखडीत. दुसऱ्या राजानं तिच्यावर तूप घेतलं. तिसरा म्हणाला, गुळाचा खडाही असू द्या. चौथ्यानं गूळ आतच भरायला सांगितला. पाचव्यापर्यंत येईतो शिपाईभाकरी म्हणजे चक्क पुरणपोळी! नाव तेच. रिवाज पाळला! आपल्याकडे नाही का, उपवास म्हणायचा आणि साबुदाणा, रताळं, शेंगदाण्याचा लाडू... सरूकाकू, मी कुणाचं नाव घेतलं नाही!

आता या गढीच्या मुदपाकखान्यात आचारी होता गोंदाजी. वय साठीचं, अंगानं आडवा, आणि तोंडात पुढचा एकही दात नाही. तरुणपणी तो शिपाई होता. राजाच्या आजोबानं अशीच कुणा मित्रासाठी साठ माणसं लांब पाठवली, त्यांतला हा एक. परत आले एकोणीस. आल्यावर गोंदाजीनं तलवार खुंटीला लावली आणि पळी हातात घेतली.

घरी त्याची एकुलती एक लेक, चिमणा. तिला आठवा महिना. आणि तिचा नवरा रायबा, घरजावई, फौजेत शिपाई. आता सासरा-जावयाचं प्रेम कसं, विचारा. अजिबात पटायचं नाही! का? राजाचा आचारी, राजे ज्याच्या हातचं खाऊन बोटं चाटतात, त्याच्या घरी बसून हा जावई रोज पहिला घास घेऊन काय म्हणायचा?

"मामा, मीठ कमी पडलंय."

रोज! गोंदाजीच्या डोक्यात तिडीक जायची. लेकीला म्हणायचा, "चिमणे, तुझ्यासाठी ऐकून घेतो. न्हाईतर ह्याच्या तोंडात मिठाचा खडाच ठेवला असता."

आणि त्या दिवशी प्रधानांचा निरोप मुदपाकखान्यात आला. दोनशे चाळीस माणसांची तीन महिन्यांची शिदोरी करा. पीठ जुनं वापरा, कोठाराच्या तळाचं. सोबत नावांची यादी. गोंदाजीनं ती वाचून घेतली. पहिलंच नाव — रायबा.

मंडळी, त्या माणसाच्या छातीत काय झालं असेल! साठातले एकोणीस त्यानं मोजले होते. न परतलेल्यांत त्याचा पाठचा भाऊ होता, सदू. घरी आला तो भाकरी थापायलाच बसला. चिमणा समोर येऊन बसली, जड अंगानं, एक हात जमिनीला टेकून.

"बाबा, कायतरी करा."

"मी काय करणार, पोरी? मी आचारी. मला मसलतीला पाट न्हाई."

चिमणानं डोळे पुसले. म्हणाली, "पाट नसू द्या. पण तिथं पानं तर तुम्हीच वाढता न्हवं?"

गोंदाजीचा हात थांबला. पिठाकडे बघत राहिला. आणि मग दोन दिवस त्यानं नुसत्या भाकऱ्या भाजल्या आणि गच्चीवर उन्हात टाकल्या. कावळा आला, एक टोच मारली, उडून गेला. परत आला नाही!

उजाडला मुहूर्ताचा दिवस. पाच पाट, पाच पानं, रांगोळी, उदबत्ती. राजा, प्रधान, ज्योतिषी, सेनापती आणि पाहुणा वकील. प्रधानांनी वकिलाला मोठ्या अभिमानानं सांगितलं, "पंत, आमच्याकडे नियम म्हणजे नियम! वाढलेलं संपवल्याशिवाय उठणं नाही. दीडशे वर्षांत कधी मोडलेला नाही."

"वा!" वकील म्हणाला. बिचाऱ्याला काय माहीत!

पाणी फिरवलं. राजानं विचारलं, "फौज पाठवायची?" प्रधान — होय. ज्योतिषी — होय. सेनापतींची मान हलली. राजा — होय. आणि राजानं हाक दिली, "वाढा शिपाईभाकरी!"

पडदा सरला. गोंदाजी आला. हातात दुरडी. प्रत्येकाच्या पानात एकेक भाकरी ठेवत गेला. ठेवली की वाजत होती — टक्! टक्! तबलजीबुवा, द्या बघू! — हां, अस्सं. टक्! आणि बाजूला एक कांदा. बस.

राजानं पानाकडे पाहिलं. "गोंदाजी, हे काय?"

"शिपाईभाकरी, सरकार."

"अरे, शिपाईभाकरी म्हणजे पुरणपोळी!"

"ती मागनं झाली, सरकार. मूळची ही. प्रधानसाहेबांनीच करायला सांगितली, फौजेसाठी. त्याच दुरडीतली आणलीय, दुजाभाव केला न्हाई."

राजा प्रधानाकडे बघतो. प्रधान वकिलाकडे बघतो. वकील पानाकडे बघतो. पाणी फिरवलेलं! उठता येत नाही. नियम म्हणजे नियम, आत्ताच छाती फुगवून सांगितलेला!

मग काय, सुरू झाली लढाई. देवपाटला नव्हे, पाटावर! राजा घास तोडायला गेला, भाकरी तुटेना. गुडघ्यावर धरून मोडली, एक तुकडा उडून उदबत्तीच्या घरात. ज्योतिषीबुवांना एकच दाढ होती, तिच्यापर्यंत तुकडा पोचवायला त्यांनी तोंडात बोट घालून वाट दाखवली. वकिलानं कांदा फोडायला ठोसा मारला, कांदा घरंगळत सेनापतींच्या पानात. "पाहुण्याचा मान," म्हणत सेनापतींनी तो शांतपणे परत ढकलला. आणि प्रधान? त्यांनी हळूच अर्धी भाकरी पाटामागे सारली, गढीच्या मांजरासाठी. मांजर आलं. हुंगलं. प्रधानांकडे असं काही बघितलं, की त्यांनी ती भाकरी मुकाट्यानं परत पानात घेतली!

अर्धा तास गेला. भाकऱ्या होत्या तेवढ्याच. माणसं घामाघूम.

शेवटी राजा म्हणाला, "गोंदाजी, तुझे दात लढाईत पडले ना रे?"

"न्हाई, सरकार. हिच्यावर पडले."

राजाच्या हातातला तुकडा हातातच राहिला.

"रोज अशा किती मिळायच्या?"

"पहिल्या महिन्यात एक. मग अर्धी. मी आणि माझा भाऊ सदू एकीत खायचो. तो ओढ्याच्या पाण्यात भिजवून मऊ करायचा आन् आधी मला द्यायचा. एक दिवस तो आला न्हाई, सरकार. त्याची अर्धी राहिली होती. मी ती खाल्ली." गोंदाजीनं दुरडी खाली ठेवली. "रडलो नंतर. आधी खाल्ली. भूक लागली होती. ती गोष्ट मला अजून गिळता येत न्हाई."

मंडळी, इथं मी दरवेळी हातातले टाळ खाली ठेवतो. असू द्या.

राजानं अगदी हळू विचारलं, "ती लढाई कशासाठी होती रे?"

गोंदाजी म्हणाला, "ते मला कधीच कळलं न्हाई, सरकार. तुमच्या आजोबांनी ठरवली होती. ह्याच पाटावर. पुरणपोळी खाऊन."

कडाकडा आवाज येत होता फक्त एक. सगळ्यांनी वळून पाहिलं. म्हातारे शिदोजीराव सेनापती! कुणाचं लक्ष नव्हतं तोवर त्यांनी शेवटचा तुकडा कांद्याबरोबर चावून टाकला होता. पान लख्ख! तोंड पुसलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मसलतीत बोलले.

"माझं पान रिकामं झालं. आता मला विचारायचा हक्क आहे. नरहरपंत, तुमच्या राजाचं भांडण कशाचं?"

बघा मंडळी! एवढा साधा प्रश्न. सुचायला एक भाकरी लागली.

वकिलाचा चेहरा उतरला. "ते... म्हणजे... सीमेवर दोन्ही राजांची भेट ठरली होती. दोघांवर छत्र होतं. तर काळमोरीच्या राजाचं छत्र..."

"छत्राचं काय?"

"आमच्यापेक्षा एक वीत उंच होतं."

राजा बघतच राहिला. "वीत?"

वकिलानं अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "एवढं."

"गाव जाळलं का कुणी? बायकामुलं उघड्यावर पडली? कुणी तुमच्यावर चालून आलं?"

"नाही, महाराज. वीतभर उंच होतं."

राजानं पानातली भाकरी उचलली, दोन्ही हातांत धरली. म्हणाला, "पंत, कुणी तुमच्या दारात चालून आलं असतं, तर मी ही भाकरी दगडानं फोडून खाल्ली असती आणि तुमच्याबरोबर स्वतः निघालो असतो. पण वीतभर दांड्यासाठी हिचा एक घास माझ्या घशाखाली उतरत नाही. आणि जी मला उतरत नाही, ती मी दोनशे चाळीस जणांच्या गळ्यात घालणार नाही."

तेवढ्यात ज्योतिषीबुवा दाढेवरचा तुकडा सांभाळत ओरडले, "शलकार! ऊन धळलं! मुऊर्त गेला!"

मुहूर्त गेला, पण पान तर संपवलं पाहिजे! नियम! मग गोंदाजीनंच तोड काढली. पातेलंभर कढत आमटी आणली, पानं द्रोणासकट मोठ्या ताटांत घेतली, भाकऱ्या कुस्करल्या आणि वरून ओतली. भिजल्या. तिन्हीसांजेपर्यंत चौघांनी खाल्ल्या! आणि हात धुतल्यावर हुकुमावर शिक्का पडला. काय हुकूम? देवपाटच्या राजाला सोनतळ्याकडून स्नेहाची भेट — एक वीत लांबीचा चांगला बांबू, आपल्या छत्राच्या दांड्याला जोडायला. सोबत एक शिपाईभाकरी, जोडून झाल्यावर खायला.

म्हणतात, देवपाटच्या राजानं आधी भाकरीच चावून बघितली. लढाई झाली नाही. बांबूचं काय केलं, ते कळलं नाही.

आणि प्रधान? त्यांनी दुसऱ्याच दिवशी कोठाराच्या तळाचं पीठ बाहेर फेकायला लावलं. माणूस सुधारतो, मंडळी. पोट दुखलं की लवकर सुधारतो!

त्या संध्याकाळी गोंदाजी घरी आला. पाय दुखत होते. जावई चुलीपाशी जेवायला बसला होता, पाठवणीची पडशी सोडून खुंटीला लावलेली. चिमणा वाढत होती. रायबानं पहिला घास घेतला. चावला. सासऱ्याकडे बघितलं.

"मामा, मीठ कमी पडलंय."

आणि गोंदाजी — ज्याच्या डोक्यात रोज तिडीक जायची तो गोंदाजी — मिठाचं भांडं घेऊन त्याच्याशेजारी बसला. चिमूटभर घातलं, मग अजून चिमूटभर. म्हणाला, "रोज सांगत जा रं. विसरतो मी. रोज सांगत जा."

संपलं आख्यान. पण मंडळी, उठू नका. आमटी कुठं जात नाही.

आता मी तुमच्याकडे येतो. राजा गोष्टीतला होता, त्याला सोडा. आपण काय करतो? पारावर बसतो, हातात मोबाईल, तोंडात सुपारी, आणि म्हणतो — "घुसवा फौज! दाखवा एकदा!" कुठं घुसवा? ते गाव कुठल्या दिशेला आहे, तात्या, तुम्हाला तरी ठाऊक आहे का? फौज म्हणजे बुद्धिबळातली प्यादी नव्हेत हो. ती कुणाचा तरी मीठ कमी म्हणणारा जावई असते. मित्राला मदत करू नये, असं मी म्हणत नाही. संकटात धावून न जाणारा मित्र कसला! पण धावायच्या आधी दोन गोष्टी कराव्या. भांडण कशाचं ते विचारावं. आणि जाणाऱ्याच्या पानात जे पडणार आहे, ते आधी आपल्या पानात घेऊन बघावं. मग हात वर करावा.

हात! हो, बरं आठवलं. दिगूअण्णा, मघाशी वर आलेले हात लक्षात आहेत ना? सांगा नावं. महाप्रसादाची पहिली पंगत त्यांची! गेले चार दिवस देवळाच्या गच्चीवर मी काय वाळत घातलं होतं, असं सगळे मला विचारत होतात ना? पापड नव्हते ते.

भागवततात्या, निघालात कुठं? बसा. तुम्ही दोन हात वर केले होते, तुम्हाला दोन.

बोला, सिद्धनाथ महाराज की जय!